मॉड्यूल लोड होत नाही तेव्हा : अपाची सर्व्हरच्या त्रुटिसंदेशांचे वाचन

लिनक्सवर अपाची हा वेब सर्व्हर पहिल्यांदा उभा करताना, किंवा अनेक वर्षे चालत आलेला सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेताना, काम बहुधा मॉड्यूलपाशी अडते. सर्व्हर सुरू होत नाही, पडद्यावर एक लांबलचक ओळ उमटते, आणि ती पुरती न वाचताच कॉन्फिगरेशन फाइलमधील संबंधित ओळीपुढे हॅशचे चिन्ह टाकून ती निष्क्रिय करण्याचा मोह होतो. मग सर्व्हर दुसऱ्या ओळीवर अडतो, तीही निष्क्रिय केली जाते, आणि अखेर जो सर्व्हर सुरू होतो त्यातून पत्त्यांचे पुनर्लेखन, कूटबद्ध जोडणी किंवा पासवर्डने केलेले प्रवेशनियंत्रण यांपैकी काहीतरी नाहीसे झालेले असते. या घाईची खरे तर गरज नसते. मॉड्यूल लोड होण्याची क्रिया ठरलेल्या टप्प्यांनी पुढे सरकते आणि ती कोणत्या टप्प्यावर थांबली हे संदेशातील मोजक्या शब्दांवरून नेमके कळते. तो टप्पा ओळखता आला की उपाय शोधण्याचे क्षेत्र फार लहान होते.

अपाचीची ही घडण आरंभीच्या काळातली आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉब मकूल यांनी लिहिलेल्या एनसीएसए सर्व्हरमध्ये सुधारणा करत १९९५ साली अपाचीचा प्रकल्प उभा राहिला आणि त्याच वर्षी रॉबर्ट थाऊ यांनी त्याची नव्याने रचना केली, तेव्हा गाभा लहान ठेवून बाकीची कामे स्वतंत्र मॉड्यूलांकडे सोपवण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. त्या काळी हवे ते मॉड्यूल सर्व्हरबरोबरच कंपाइल करून त्याच्या पोटात घालावे लागे. १९९८ मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीपासून मात्र मॉड्यूल वेगळ्या फाइलमध्ये ठेवून सर्व्हर सुरू होताना ते जोडून घेण्याची सोय झाली. नावाच्या शेवटी 'डॉट एसओ' असलेल्या अशा फाइलला शेअर्ड ऑब्जेक्ट म्हणतात, म्हणजे स्वतंत्रपणे न चालता दुसऱ्या चालत्या प्रोग्रामला जोडला जाणारा यंत्रभाषेतील संच. ती जोडण्याचा हुकूम कॉन्फिगरेशन फाइलमधील 'लोडमॉड्यूल' या निर्देशाने दिला जातो आणि त्यात दोन गोष्टी सांगाव्या लागतात : मॉड्यूलचे अंतर्गत नाव, उदाहरणार्थ 'रीराइट_मॉड्यूल', आणि त्याच्या फाइलचा मार्ग, उदाहरणार्थ 'मॉड्यूल्स/मॉड_रीराइट.एसओ'.

हा निर्देश वाचल्यावर अपाची प्रथम ती फाइल शोधतो. मग ऑपरेटिंग सिस्टिमचा डायनॅमिक लोडर त्या फाइलला लागणाऱ्या इतर लायब्ररी, म्हणजे सामायिक वापराचे कोडसंच, गोळा करतो. त्यानंतर फाइलमध्ये उल्लेखलेले पण तिच्यात नसलेले प्रत्येक फंक्शन अन्यत्र सापडते का हे पाहतो. मग अपाची स्वतः त्या फाइलमध्ये मॉड्यूलची ओळखरचना शोधून तिच्यावरील खूण व आवृत्तिक्रमांक तपासतो. आणि हे सारे जमल्यावरच त्या मॉड्यूलने आणलेले नवे निर्देश कॉन्फिगरेशनच्या पुढच्या ओळींत वापरता येतात. बहुतेक त्रुटी या पाच टप्प्यांपैकी कोणत्यातरी एकावरच्या असतात.

तो टप्पा ओळखण्यासाठी आधी संपूर्ण संदेश हाती यायला हवा. 'सिस्टमसीटीएल' या आज्ञेने सेवा सुरू करताना अपयश आले तर पडद्यावर पुष्कळदा केवळ सेवा सुरू होऊ शकली नाही एवढेच दिसते. खरे कारण 'जर्नलसीटीएल' मध्ये, त्या सेवेचे नाव देऊन, पाहावे लागते. त्याहून सरळ मार्ग म्हणजे 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा, जी चालू सर्व्हरला धक्का न लावता संपूर्ण कॉन्फिगरेशन वाचून पाहते आणि पहिली चूक ज्या फाइलमध्ये व ज्या ओळीवर आहे ती सांगते. चालू सर्व्हरवर काही बदल केला असेल तर ही चाचणी यशस्वी झाल्याशिवाय रीस्टार्टची आज्ञा कधीही देऊ नये, कारण थांबलेला सर्व्हर चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे पुन्हा उठला नाही तर संकेतस्थळ बंद पडते आणि दुरुस्ती घाईत करावी लागते. डेबियन व उबुंटूवर ही चाचणी 'अपाची२' हा मूळ प्रोग्राम थेट चालवून करू नये. त्या पद्धतीत 'एन्व्हव्हार्स' या फाइलमधील पर्यावरण-चले वाचली जात नाहीत, आणि मूळ प्रश्नाशी संबंध नसलेली, लॉक डिरेक्टरीविषयीची वेगळीच तक्रार समोर येते. तेथे 'अपाची२सीटीएल' वापरावे.

संदेशात 'कॅनॉट लोड' आणि शेवटी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे शब्द असतील तर काहीतरी सापडत नाही एवढे स्पष्ट असते. मात्र काय सापडत नाही याबद्दल येथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. मॉड्यूलची फाइल डोळ्यांसमोर असताना ती नाही असे सर्व्हर का म्हणतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच ओळीत असते. 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' या शब्दांच्या लगेच आधी जे नाव येते ती न सापडलेली वस्तू होय. ते नाव मॉड्यूलचेच असेल तर मार्ग चुकला आहे किंवा त्याचे पॅकेज बसवलेले नाही. ते 'लिब' ने सुरू होणारे दुसरेच नाव असेल, जसे 'लिबएसएसएल.एसओ.१.१', तर मॉड्यूल जागेवर आहे पण त्याला लागणारी लायब्ररी नाही.

मार्ग चुकण्याचे नेहमीचे कारण असे की 'लोडमॉड्यूल' मधील मार्ग तिरक्या रेषेने सुरू होत नसेल तर तो 'सर्व्हररूट' या निर्देशाने ठरवलेल्या डिरेक्टरीपासून मोजला जातो. रेड हॅट परिवारात, म्हणजे आरएचईएल, रॉकी, अल्मा व फेडोरा यांवर, सर्व्हररूट 'ईटीसी' मधील 'एचटीटीपीडी' हे असते आणि तेथील 'मॉड्यूल्स' हा सांकेतिक दुवा, ६४ बिट संगणकावर, 'यूएसआर' मधील 'लिब६४' खालच्या खऱ्या डिरेक्टरीकडे नेतो. डेबियन परिवारात मॉड्यूल 'यूएसआर/लिब/अपाची२/मॉड्यूल्स' येथे असतात. एका परिवारासाठी लिहिलेल्या मार्गदर्शनातील ओळ दुसऱ्या परिवाराच्या संगणकावर जशीच्या तशी उतरवली की ही त्रुटी येते. पॅकेजांची विभागणीही सारखी नाही : रेड हॅट परिवारात 'मॉड_एसएसएल' हे वेगळे पॅकेज बसवावे लागते, तर डेबियनमध्ये ते मॉड्यूल मूळ पॅकेजाबरोबरच येते आणि केवळ सक्रिय करावे लागते.

लायब्ररी सापडत नसेल तर 'एलडीडी' ही आज्ञा मॉड्यूलच्या फाइलवर चालवावी. ती त्या फाइलला लागणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचे नाव आणि ती संगणकावर कोठे सापडली हे दाखवते. ज्या नावासमोर 'नॉट फाउंड' लिहिलेले असेल तेथे दोष आहे. अर्थात ही आज्ञा तपासल्या जाणाऱ्या फाइलमधील कोड प्रत्यक्ष चालवू शकते, म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या मॉड्यूलवर ती न चालवता 'ऑब्जडम्प' या साधनाने, 'पी' हा पर्याय देऊन, अवलंबित लायब्ररींची यादी पाहणे सुरक्षित ठरते. लायब्ररी कोणत्या पॅकेजात आहे हे रेड हॅट परिवारात 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' आणि डेबियनमध्ये 'एपीटी-फाइल सर्च' सांगते. हाताने कंपाइल केलेली लायब्ररी 'यूएसआर/लोकल/लिब' सारख्या जागी असूनही सापडत नसेल तर ती डिरेक्टरी 'ईटीसी' मधील 'एलडी.एसओ.कॉन्फ.डी' खाली एका छोट्या फाइलमध्ये नोंदवून 'एलडीकॉन्फिग' चालवावे. 'एलडी_लायब्ररी_पाथ' हे पर्यावरण-चल टर्मिनलमध्ये ठरवून काम भागवू नये, कारण ते त्या टर्मिनलपुरतेच राहते. हाताने चालवलेला सर्व्हर सुरू होतो आणि संगणक रीबूट झाल्यावर सिस्टमडी या सेवाव्यवस्थापकाने सुरू केलेली सेवा मात्र पडते, असा फसवा प्रकार त्यातून घडतो.

एक चुकीचा उपाय मात्र अगदी टाळायला हवा. 'लिबएसएसएल.एसओ.१.१' सापडत नाही म्हणून 'लिबएसएसएल.एसओ.३' ला त्या जुन्या नावाचा सांकेतिक दुवा जोडण्याचा सल्ला ऐकू येतो. उबुंटू २२.०४ व आरएचईएल ९ यांपासून ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती मूळ प्रणालीत आली, म्हणून जुन्या प्रणालीवर कंपाइल झालेले मॉड्यूल तेथे आणले की ही अडचण उद्भवते. पण लायब्ररीच्या नावातील तो आकडा शोभेचा नाही. दोन आवृत्त्यांचे यंत्रभाषेच्या पातळीवरील करार वेगळे असल्याची ती अधिकृत नोंद आहे. खोट्या नावाने जोडलेली लायब्ररी फार तर त्रुटी एका टप्प्याने पुढे ढकलते आणि वाईटात वाईट म्हणजे सर्व्हर चालू असताना कोसळवते. त्या प्रणालीसाठीच तयार केलेले मॉड्यूल बसवणे किंवा ते तेथे पुन्हा कंपाइल करणे हाच यावरचा खरा उपाय आहे. 'जीलिबसी' या मूलभूत लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडत नाही अशी तक्रार आली तरी उपाय तोच. जीलिबसी हाताने बदलण्याचा प्रयत्न संपूर्ण प्रणाली निकामी करू शकतो.

लायब्ररी मिळाल्या तरी पुढच्या टप्प्यावर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' हे शब्द भेटतात. सिम्बॉल म्हणजे फंक्शनचे किंवा चलाचे नाव. ते मॉड्यूलमध्ये उल्लेखलेले आहे, पण सर्व्हरमध्ये, लायब्ररींत वा आधी लोड झालेल्या मॉड्यूलांत त्याची व्याख्या कोठेच नाही, असा याचा अर्थ. येथे न सापडलेले नाव वाचणे हेच निदान असते. 'डीएव्ही' ने सुरू होणारे नाव सबव्हर्जनच्या मॉड्यूलला सापडत नसेल, किंवा 'एपी_प्रॉक्सी' ने सुरू होणारे नाव प्रॉक्सीच्या एखाद्या उपमॉड्यूलला सापडत नसेल, तर मूळ 'मॉड_डीएव्ही' वा 'मॉड_प्रॉक्सी' लोडच झालेले नाही किंवा नंतर लोड होत आहे. अपाची ओळी वरून खाली वाचतो, म्हणून पायाभूत मॉड्यूलची ओळ वर असावी लागते. रेड हॅट परिवारातील 'कॉन्फ.मॉड्यूल्स.डी' या डिरेक्टरीत फाइलींच्या नावांपुढे ००, १० असे आकडे असतात ते यासाठीच, कारण तेथील फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात. डेबियनमध्ये 'ए२एनमॉड' ही आज्ञा मॉड्यूलची अवलंबने पाहून ती आधी सक्रिय करते, म्हणून 'मॉड्स-अव्हेलेबल' मधून 'मॉड्स-एनेबल्ड' कडे हाताने दुवे करण्याऐवजी तीच आज्ञा वापरावी.

न सापडलेले नाव 'यूनिक्सडी_कॉन्फिग' किंवा 'एपी_लॉग_आरएरर' असेल तर गोष्ट वेगळी आहे. २०१२ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत यांपैकी पहिल्या नावाला 'एपी' हा उपसर्ग लागला आणि दुसऱ्याची घडण बदलली. तेव्हा या नावांची मागणी करणारे मॉड्यूल २.२ साठी कंपाइल झालेले आहे हे निश्चित समजावे. ओळींचा क्रम बदलून येथे काहीही साधत नाही. 'एपीआर' ने सुरू होणारी नावे सापडत नसतील तर अपाचीच्या पायाभूत लायब्ररीच्या दोन प्रती संगणकावर आहेत, एक लिनक्स वितरणाबरोबर आलेली आणि एक हाताने कंपाइल केलेली, आणि चुकीची प्रत उचलली जात आहे अशी शंका प्रथम घ्यावी. एलडीडीच्या उत्तरात 'लिबएपीआर' समोर जो मार्ग दिसतो तो या शंकेचा निकाल लावतो.

चौथ्या टप्प्यावरील संदेश सर्वांत गूढ वाटतात, पण वाचायला शिकले तर सर्वांत स्पष्टही तेच असतात. मॉड्यूलची रचना 'गार्बल्ड' आहे, ४१५०३२३४ ही खूण अपेक्षित होती पण ४१५०३२३२ दिसली, अशा अर्थाची ओळ त्यांत येते. हे आकडे सोळाधारी पद्धतीतील असून प्रत्येक जोडी एक अक्षर दर्शवते : ४१ म्हणजे 'ए', ५० म्हणजे 'पी', ३२ म्हणजे दोन हा आकडा आणि ३४ म्हणजे चार हा आकडा. थोडक्यात, सर्व्हरला 'एपी२४' हवे होते आणि मॉड्यूलवर 'एपी२२' लिहिलेले आढळले. याच जातीच्या दुसऱ्या संदेशात २००५१११५ सापडला पण २०१२०२११ हवा आहे असे म्हटलेले असते. तारखेच्या रूपातील हे क्रमांक अनुक्रमे २.२ आणि २.४ या आवृत्त्यांचे मॉड्यूलविषयक करार ओळखण्यासाठी आहेत. दोन्ही वेळा मॉड्यूल २.४ साठी पुन्हा मिळवावे किंवा 'एपीएक्सएस' या अपाचीच्या साधनाने मूळ कोडपासून कंपाइल करावे. हे साधन रेड हॅट परिवारात 'एचटीटीपीडी-डेव्हल' आणि डेबियनमध्ये 'अपाची२-डेव्ह' या पॅकेजात येते. संगणकावर दोन अपाची असतील तर ज्या सर्व्हरसाठी मॉड्यूल हवे त्याच्याच सोबतचे एपीएक्सएस, पूर्ण मार्ग देऊन, चालवावे.

याच टप्प्यावर 'कान्ट लोकेट एपीआय मॉड्यूल स्ट्रक्चर' असा संदेशही येतो. फाइल उघडली, जोडली गेली, पण निर्देशात दिलेल्या अंतर्गत नावाची रचना तिच्यात नाही, हा त्याचा अर्थ. पीएचपीच्या बाबतीत हे वारंवार घडते, कारण सातव्या आवृत्तीत मॉड्यूलचे नाव 'पीएचपी७_मॉड्यूल' आणि फाइल 'लिबपीएचपी७.एसओ' होती, तर २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएचपी ८ पासून नाव नुसते 'पीएचपी_मॉड्यूल' झाले. फाइलचा मार्ग बदलून अंतर्गत नाव जुनेच ठेवले की सर्व्हर अडतो. फाइलमध्ये खरोखर कोणते नाव आहे ते 'एनएम' या आज्ञेला 'डी' हा मोठ्या अक्षरातील पर्याय देऊन आणि तिच्या उत्तरात 'मॉड्यूल' हा शब्द शोधून पाहता येते.

पीएचपीचा विषय निघालाच आहे तर आणखी एका अडथळ्याकडे लक्ष वेधायला हवे. एकाच वेळी अनेक विनंत्या कशा हाताळायच्या हे ठरवणारे एमपीएम नावाचे मॉड्यूल अपाचीला लागते आणि ते नेमके एकच असावे लागते. एकही नसेल वा दोन असतील तर तसे स्पष्ट सांगून सर्व्हर थांबतो. 'प्रीफोर्क' हे एमपीएम प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र प्रक्रिया वापरते, तर 'वर्कर' आणि 'इव्हेंट' एका प्रक्रियेत अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कार्यप्रवाह, चालवतात. वितरणांतून मिळणारे पीएचपीचे मॉड्यूल सामान्यतः थ्रेडांसाठी सुरक्षित पद्धतीने कंपाइल केलेले नसते, म्हणून इव्हेंटबरोबर ते लोड करताच पीएचपी पुन्हा कंपाइल करण्याची सूचना देऊन सर्व्हर थांबतो. ती सूचना शब्दशः पाळण्याची आवश्यकता नाही. प्रीफोर्ककडे परत जाता येते. पण नवा सर्व्हर उभारणाऱ्याने पीएचपी-एफपीएम ही स्वतंत्र सेवा चालवून 'मॉड_प्रॉक्सी_एफसीजीआय' च्या मार्गाने तिच्याशी बोलणे अधिक श्रेयस्कर, कारण त्यामुळे पीएचपीची आवृत्ती बदलताना अपाचीला हात लावावा लागत नाही आणि मॉड्यूलच्या जुळणीचा प्रश्नच मिटतो.

फाइल आहे, लायब्ररी आहेत, तरी 'परमिशन डिनाइड' असे उत्तर येते तेव्हा अनेकजण फाइलला ७७७ ही परवानगी देतात. हे निरुपयोगी तर आहेच, शिवाय धोक्याचे आहे. अपाची सुरू होताना रूट वापरकर्त्याच्या अधिकाराने मॉड्यूल वाचतो, त्यामुळे साध्या परवानग्या क्वचितच आड येतात. उलट कोणालाही लिहिता येईल अशी फाइल रूटच्या अधिकाराने चालवली जाणे म्हणजे त्या संगणकावरील प्रत्येक खात्याला रूटचा अधिकार देऊ करणे होय. खरे कारण बहुधा एसईलिनक्स हे असते. रेड हॅट परिवारात मूळचीच सक्रिय असलेली ही यंत्रणा प्रत्येक फाइलवर एक लेबल ठेवते आणि त्यानुसार प्रवेश देते. घरच्या डिरेक्टरीत कंपाइल केलेले मॉड्यूल 'एमव्ही' ने हलवले तर जुने लेबल तसेच राहते, 'सीपी' ने नवी प्रत केली तर ती साधारणतः नव्या जागेचे लेबल घेते. 'एलएस' ला मोठ्या अक्षरातील 'झेड' पर्याय देऊन लेबल पाहावे आणि 'रीस्टोरकॉन' ने ते योग्य करावे. नकाराची नोंद 'ऑडिट.लॉग' मध्ये सापडते. एसईलिनक्स कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे. फाइल ज्या विभाजनावर आहे ते 'नोएक्झेक' पर्यायाने जोडलेले असेल तरी असाच नकार मिळतो.

शेवटच्या टप्प्यावरील त्रुटी 'इनव्हॅलिड कमांड' या शब्दांनी ओळखावी. येथे कोणतेही मॉड्यूल लोड होताना अडलेले नाही. निर्देश आहे पण तो समजणारे मॉड्यूल नाही. 'रीराइटइंजिन' न समजल्यास मॉड_रीराइट, 'हेडर' न समजल्यास मॉड_हेडर्स सक्रिय करावे, आणि कोणती मॉड्यूल खरोखर लोड झाली आहेत हे 'अपाचीसीटीएल' ला मोठ्या अक्षरातील 'एम' पर्याय देऊन पडताळावे. 'ऑर्डर' हा निर्देश न समजल्यास मात्र 'मॉड_ॲक्सेस_कॉम्पॅट' शोधत बसण्यापेक्षा जुनी प्रवेशनियमांची भाषा सोडून २.४ मधील 'रिक्वायर' च्या रूपात ते नियम लिहिणे उचित, कारण दोन्ही भाषा एकत्र वापरल्यास कोणाला प्रवेश मिळेल याचा अंदाज बांधणे कठीण होते.

या त्रुटीवर सर्वत्र वापरला जाणारा तोडगा म्हणजे तो निर्देश 'इफमॉड्यूल' च्या कक्षात ठेवणे. मॉड्यूल असेल तरच आतल्या ओळी वाच, नसेल तर काही न बोलता पुढे जा, असा त्याचा अर्थ आहे. अनेक सर्व्हरांवर चालावे म्हणून लिहिलेल्या प्रणालींच्या 'एचटीॲक्सेस' फाइलींत हे समजण्यासारखे आहे. स्वतःच्या सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये मात्र सुरक्षेचे नियम या कक्षात कधीही ठेवू नयेत. 'मॉड_सिक्युरिटी' चे नियम किंवा एखाद्या डिरेक्टरीवरील प्रवेशबंदी इफमॉड्यूलमध्ये असेल आणि पुढे एखाद्या अद्ययावतीकरणात ते मॉड्यूल लोड होणे थांबले, तर कॉन्फिगरेशनची चाचणी यशस्वी होईल, सर्व्हर सुरू होईल आणि संरक्षणाची भिंत नाहीशी झाल्याचे कोणालाही कळणार नाही. अशा जागी सर्व्हरने सुरू होण्यास नकार देणे हेच इष्ट आहे.

एनजिनएक्स वापरणाऱ्यांनाही यातील पुष्कळसे लागू पडते, कारण २०१६ मधील १.९.११ आवृत्तीपासून त्यातही स्वतंत्र फाइलींतून मॉड्यूल जोडता येतात. फरक एवढाच की त्याची जुळणी अधिक काटेकोर असते : सर्व्हरच्या नेमक्या आवृत्तीशी आणि कंपाइल करतानाच्या पर्यायांशी मॉड्यूल जुळले नाही तर ते 'बायनरी कम्पॅटिबल' नाही असे सांगून नाकारले जाते. म्हणून 'एनजिनएक्स' ला मोठ्या अक्षरातील 'व्ही' पर्याय देऊन मूळचे पर्याय पाहावेत आणि त्याच आवृत्तीच्या कोडबरोबर 'विथ-कम्पॅट' हा पर्याय वापरून मॉड्यूल तयार करावे. त्याचा 'लोड_मॉड्यूल' हा निर्देशही फाइलच्या आरंभीच, 'इव्हेंट्स' आणि 'एचटीटीपी' या विभागांच्या आधी लिहावा लागतो.

हाताने कंपाइल केलेल्या मॉड्यूलांची, अपाचीची असोत वा एनजिनएक्सची, एक छोटी नोंद सर्व्हरवरच ठेवावी : मूळ कोडची आवृत्ती, कंपाइल करतानाची आज्ञा, आणि त्या वेळची सर्व्हरची व ओपनएसएसएलची आवृत्ती. पॅकेज व्यवस्थापकाला या फाइलींची माहिती नसते, त्यामुळे सर्व्हर अद्ययावत करताना तो त्यांना हातही लावत नाही आणि त्यांच्याबद्दल इशाराही देत नाही. नोंद असेल तर अद्ययावतीकरणाच्या आधीच चाचणी-संगणकावर त्या मॉड्यूलची नवी प्रत तयार करून, कॉन्फिगटेस्ट चालवून, मगच मूळ सर्व्हरवर बदल करता येतो.